साडेबावीस फेरे

तेवीस सेकंद मी कापले. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. फोन माझा, बोट माझं आणि अक्कलही माझीच, होती तेवढी.

मामा पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, झाकणाखाली चेंबर, चेंबरमध्ये व्हॉल्व्ह. छातीइतक्या उंच लोखंडी चावीने तो फिरवला की त्या वस्तीच्या नळांना पाणी, उलटा फिरवला की बंद. तेहतीस वर्षं मामाने एवढंच केलं. मला आईने शाळेसाठी त्याच्याकडे ठेवलं, शाळा संपली तरी मी तिथेच चिकटलो. आता मी लग्नाची शूटिंगं करतो आणि उरलेल्या वेळात फोनवर टाकायला छोटे व्हिडिओ बनवतो. मामी त्याला 'रिकामे उद्योग' म्हणते, आणि मामी सहसा चुकत नाही.

त्या सकाळी मी फोन घेऊन मामाच्या मागे मागे फिरलो. म्हटलं, "मामा, सांग, या गावाचा खरा राजा कोण?"

"गप ए. मला तीन झाकणं उघडायचीत अजून."

"बरं, कोणाला किती वेळ पाणी सोडतोस ते तरी सांग."

"बाजाराला एक तास. टोकाला अडीच," मामा म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. पान न खाताही लाल दिसणारे त्याचे ओठ, कोवळं ऊन, हातात चावी. राजाच! मी तिथेच कापलं.

पुढे तो बोलतच होता. "गावाच्या टोकाची लाइन चढावर आहे. पहिली पन्नास मिनिटं तिच्यात नुसती हवा. मग येतं ते करंगळीएवढं. बाजारात बादली दोन मिनिटांत भरते, टोकाला नऊ लागतात. अडीच तास सोडूनही त्यांच्या अकरा बादल्या, बाजाराच्या तीस. मी तास वाटत नाही रे, बादल्या वाटतो. आणि त्याही पुरत्या वाटता येत नाहीत." हे तेवीस सेकंद. आकडे ऐकायला कोण थांबतं? शिवाय मला सगळं अर्ध्या मिनिटात बसवायचं होतं. वर लिहिलं, 'गावाचं पाणी यांच्या मर्जीवर!' आणि पुढे हसणारे तीन चेहरे टाकले. गंमत हो.

मामाला गावात नावाने कोणी ओळखत नाही. सगळे 'साडेबावीस' म्हणतात. टोकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे बावीस फेरे लागतात. मामाच्या मते साडेबावीस. तो शेवटचा अर्धा फेरा म्हणे लोखंड देत नाही, मागून घ्यावा लागतो. तो दिला नाही तर टोकाच्या शेवटच्या सहा घरांना पाणी चढत नाही. बाविसाव्या वर्षी तो खात्यात चर खणायला लागला. तिथल्या एका म्हाताऱ्या व्हॉल्व्हमनने त्याच्या हातात चावी दिली आणि सांगितलं, "मोठ्याने मोज. मनात मोजलेलं विसरतं." तेव्हापासून मामा मोठ्याने मोजतो. फेरे मोजतो, जिने मोजतो, चहात साखर ढवळताना मोजतो. एक लोखंडी सळई त्याच्याकडे असते. तिचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून तो डॉक्टरासारखा डोळे मिटतो, आणि जमिनीखाली कुठे गळतंय ते सांगतो. मामी म्हणते, "अहो, कधी माझ्याकडे पण लावा ती सळई. बत्तीस वर्षं बोलतेय, तुम्हाला काही ऐकू गेलेलं नाही." मामा हसतो. तिने किती वेळा हे म्हटलंय तेही त्याने मोजलेलं असणार.

आधी पाण्याच्या वेळा नगरसभेत ठरायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लाकडी बाकांवर, नऊ सदस्य. चार-चार तास एकमेकांच्या अंगावर ओरडायचे. शेवटी थकले की मामाला आत बोलवायचे आणि कोणीतरी विचारायचं, "काय हो साडेबावीस, पोचतं का टोकाला?" मामा "पोचतं" किंवा "नाही पोचत" म्हणायचा आणि त्यावर वेळ ठरायची. मी एकदा शूटिंगला गेलो होतो तिथे, कंटाळून बाकावरच झोपलो होतो. असल्या सभा नकोत असं मलाही वाटायचं. म्हणून तर मी नव्या नगरप्रमुखाला मत दिलं. ढोल बडवून दिलं, खोटं कशाला सांगू.

या नगरप्रमुखाला लोक 'तुमचाच' म्हणतात. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी तो छातीवर हात ठेवून म्हणतो, "मी कोणाचा? तुमचाच!" माणूस बोलायला गोड. दिवसातून तीनदा लाइव्ह येतो, दाढी करतानासुद्धा. निवडून आल्यावर त्याने सगळ्यात आधी सोमवारची सभा बंद केली. "नऊ जणांना काय विचारायचं? मी थेट तुम्हालाच विचारतो." सभेच्या खोलीतले बाक गेले, तिथे दिव्यांचं गोल कडं आलं आणि निळा पडदा. आम्ही टाळ्या वाजवल्या. आपल्याला कोणीतरी विचारतंय, याची नशाच वेगळी असते.

मी व्हिडिओ टाकल्यावर तिसऱ्या दिवशी 'तुमचाच'ने तो उचलला. मला आधी आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. मामीला उठवून दाखवला. "बघ, अकरा लाख लोकांनी मामाला पाहिलं!" मामी चष्मा लावून बघत राहिली. पडद्यावर मामा म्हणत होता, "बाजाराला एक तास, टोकाला अडीच," आणि हसत होता. मग 'तुमचाच' म्हणत होता, "बघा, कसा हसतोय! तुमचं दीड तास पाणी कुठे जातं? कोणाला विकलं जातं? कोण आहेत हे टोकाचे लाडके?" तेच हसू त्याने पाच वेळा, हळू करून दाखवलं. तेच दात.

"हे तू केलंस?" मामी म्हणाली. ती उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी कौल लावला. प्रश्न होता, 'सर्वांना समान पाणी हवं का?' हो म्हणायला अंगठा वर. गावात तान्ही बाळं धरून चाळीस हजार माणसं. अंगठे पडले एक लाख शहाऐंशी हजार. एवढे पाहुणे खरंच आले असते तर हात धुवायलाही पाणी पुरलं नसतं. चौऱ्याण्णव टक्के 'हो'. संध्याकाळी आदेश निघाला. प्रत्येक वस्तीला एक तास, मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मामा निलंबित. चावी जमा. पाणी विकल्याची चौकशी, निर्णय महिन्याभरात. निवृत्तीला सात महिने राहिले होते. चौकशीत दोषी ठरला तर नोकरी जाणार आणि पेन्शनही. पण मामाला झोंबलं ते वेगळंच. त्या कागदावर 'चोरी' हा शब्द होता. तो त्यावर बोट ठेवून बसला. म्हणाला, "मी तर विकायला घरी बाटलीभरसुद्धा आणलं नाही रे कधी."

मी धावत जाऊन पूर्ण व्हिडिओ टाकला, ते तेवीस सेकंद जोडून. वाटलं, आता बघा. दोन दिवसांत एक्केचाळीस लोकांनी पाहिला, त्यात सहा वेळा मीच. खाली लोकांनी लिहिलं, 'आवाज मशीनने बनवलाय.' 'ओठ बघा, जुळत नाहीत.' 'भाच्याला किती मिळाले?' एकाने पाण्याची लाइन, चढ आणि हवा यावर लांबलचक विचारलं. मला बरं वाटलं, मी तितकंच लांब उत्तर दिलं. त्यावर त्याने जांभई देणारं चित्र पाठवलं.

मग रस्त्यात पोरं ओरडायला लागली, "अडीच तास! अडीच तास!" किराणावाल्याने मामीला सांगितलं, "वहिनी, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या ना, इथे लोक फोन काढतात." वीस वर्षं आम्ही ज्याच्याकडून घेतो तो किराणावाला. एके सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर रिकामी बादली पालथी घातलेली आणि तिच्यावर खडूने 'चोर'. मामाने ती आत आणली, धुतली आणि म्हणाला, "चांगली आहे बादली. राहू दे." त्यानंतर तो घराबाहेर पडेना. मोरीच्या नळाचे थेंब मोजत बसायचा. मामी नळ घट्ट करायची, मामा मोजायचा थांबायचा आणि घरात जी शांतता व्हायची ती ऐकवत नसे. शेवटी मामीच तो नळ जरासा सैल करून ठेवायला लागली.

टोकाला काय झालं हे सांगायला नको, हिशेब सरळ आहे. एका तासातली पन्नास मिनिटं हवा. उरली दहा. म्हणजे घरटी एक बादली. टोकाच्या शिवणवाल्या काकू एका दुपारी आमच्याकडे आल्या. त्यांच्या गळ्यात टेप तसाच होता.

"भाऊ," त्या मामाला म्हणाल्या, "आमच्या नळातून नुसता फुसफुस आवाज येतो हो. तास संपता संपता कुठे बादलीभर येतं."

"तिसऱ्या वळणापर्यंत येत असेल," मामा म्हणाला. "तिथून पुढे चढ."

"एक सांगू का? रागवू नका." काकू टेप गुंडाळत राहिल्या. "मी पण अंगठा दाबला. त्यात विचारलं होतं, सगळ्यांना समान पाणी हवं का. नाही कशी म्हणू? आजवर आम्हाला कोणी काही विचारलं पण नव्हतं."

"बरोबर केलंत," मामा म्हणाला. "मी पण दाबला असता."

मी म्हटलं, "काकू, मग लिहा ना त्यांच्या पानावर, की पाणी येत नाही!"

"लिहिलं. पोराने लिहून दिलं. आता माझ्या फोनवर ते पान उघडतच नाही."

चौकशीचा निर्णय आठवड्यावर आला होता तेव्हा पाणीखात्याचे इंजिनिअर साहेब आमच्या घरी आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. दारात चपला काढल्या, त्याही उंबऱ्याच्या आत, बाहेरून दिसू नयेत म्हणून. मामीने चहा ठेवला. साहेबांनी कपाला हातही लावला नाही.

"परवा अकरा वाजता टोकाला लाइव्ह आहे," साहेब म्हणाले. "नगरप्रमुख फोनवर बटण दाबणार आणि नळाला पाणी येणार. समान पाण्याचा पंचविसावा दिवस."

"बटण कशाला जोडलंय?" मी विचारलं.

"कशालाच नाही. तुमच्या जागी घेतलेल्या पोरांना फोनवर निरोप जातो, मग ती चावी फिरवतात." साहेबांनी घाम पुसला. "ती पोरं चावी गरागरा फिरवतात. हवा बाहेर पडायला वेळच देत नाहीत. दोनदा लाइन फुटली. साडेबावीस, तुम्हीच या. दहा वाजून दहा मिनिटांनी उघडा, म्हणजे बरोबर अकराला—"

"म्हणजे बरोबर अकराला मामा चोर ठरेल!" मी उठलोच. "साहेब, पाणी नाही आलं तर सगळ्या जगासमोर दिसेल की एक तास पुरत नाही. मामा सुटेल. याच्याइतका पुरावा दुसरा कुठला?"

"मला माहीत आहे," साहेब हळू म्हणाले. "मामांनी कधी थेंब विकला नाही, हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे."

"मग लिहून द्या की!"

साहेब माझ्याकडे बघेनात. मग मामाला म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो. फक्त, नाही आलं तर ते थांबणार नाहीत. म्हणतील, टोकाच्या लोकांनीच लाइन फोडली. एक बादली येते तीही बंद होईल. आणि त्या दिवसाची हजेरी मी लावतो तुमची. निलंबनात असलात तरी. माझ्या सहीने कामावर बोलावलं असं होईल. शब्द देतो."

मामाने एवढंच विचारलं, "अकरा ते बारा चालू ठेवू देतील ना? सहा बादल्या होतील घरटी."

मामी चुलीपाशीच उभी होती. "अहो, तुम्हाला कळतंय का काय चाललंय? तुमच्याच हाताने तुमच्या नरड्याला—"

"अगं, पंचवीस दिवस एका बादलीत राहतायत ती माणसं."

"आणि आपण?"

मामा कोपऱ्यातली सळई पुसायला लागला.

त्या दिवशी मी त्याच्या मागे गेलो. टोकाचा चेंबर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे, तिथे कोणी नसतं. मामाने झाकण बाजूला सरकवलं, चावी बसवली आणि मोठ्याने मोजायला लागला. आवाज बसलेला होता. पाच फेऱ्यांनी थांबला, सळई लावून ऐकलं, हवा जाऊ दिली. पुन्हा पाच. मी भिंतीआडून फोन धरला होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "बंद कर ते." मी नाही केलं. वाटलं, हाच तो पुरावा. आधी जे कापलं ते आता काहीही न कापता दाखवू. बावीस झाले. मग तो चावीवर सगळा भार टाकून, दात खाऊन, तो अर्धा फेरा मागून घेऊ लागला. लोखंड कुरकुरलं आणि दिलं.

अकरा वाजता टोकाच्या गल्लीत ही गर्दी. शिवणवाल्या काकूंचा नळ, त्याला पताका. 'तुमचाच'ने फोन वर धरला, बटणावर बोट ठेवलं, डोळे मिटले. नळाने एक उचकी दिली आणि पाणी आलं. मिनिटाचाही फरक नाही. लोक ओरडले, काकूंनी तोंडाला पदर लावला, 'तुमचाच'ने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. खरंच रडत होता की काय कोण जाणे. "एका तासात! बघा, एका तासात पोचतं! मग तो माणूस अडीच तास काय करत होता?" गल्लीच्या तोंडाशी, गर्दीच्या मागे मामा उभा होता. लोकांच्या बादल्यांत पडणारं पाणी बघत होता. आणि सांगायला लाज वाटते, पण चेहरा खूश होता त्याचा.

दुपारी मी माझा व्हिडिओ टाकला. पूर्ण, एक सेकंदही न कापता. वर लिहिलं, 'बटणाने नाही, या माणसाने पाणी आणलं.'

या वेळी मात्र एक्केचाळिसावर थांबला नाही. संध्याकाळपर्यंत नऊ लाख. 'तुमचाच'नेच पुढे पाठवला होता. त्यावर त्याच्या माणसांनी लिहिलं होतं, 'निलंबित पाणीचोर सरकारी व्हॉल्व्हवर लपूनछपून हात टाकताना सापडला. लाइव्ह बंद पाडायचा डाव!' मोजतानाचा आवाज काढून टाकला होता, त्या जागी ढोलकीसारखं काहीतरी भीतीचं वाजत होतं. दात खाणारा मामा हळू करून पाच वेळा. मला नवल वाटायला हवं होतं ना? वाटलं नाही. कसं कापायचं ते मीच दाखवलं होतं.

चौकशीला मामाने आपला शर्ट स्वतः इस्त्री केला. तिथे तीन माणसं होती आणि एक पडदा. त्याला विचारलं, तुम्ही त्या दिवशी व्हॉल्व्हला हात लावला का? मामा म्हणाला, लावला. कोणाच्या सांगण्यावरून? मामाने साहेबांकडे बघितलं. साहेब फाइलीत काहीतरी शोधत होते. मामा म्हणाला, "हजेरीपट बघा." हजेरीपट आणला. त्या तारखेपुढे रिकामं होतं. साहेबांचं शोधणं चालूच होतं.

"कोणाच्या सांगण्यावरून?" पुन्हा विचारलं.

मामा म्हणाला, "पाणी पोचत नव्हतं."

नोकरी गेली, पेन्शन गेली. दोन ओळींचा कागद, 'चोरी' शब्द दोनदा. टोकाला पुन्हा एक बादली. काकूंनी खात्यात जाऊन सांगितलं तेव्हा त्यांना लाइव्ह दाखवला. "हा तुमचाच नळ ना? यात पाणी दिसतंय ना? मग?" काकू म्हणाल्या, मला वाटलं मीच खोटं बोलतेय की काय.

आता मी लग्नाची शूटिंगं करतो, बाकी काही नाही. घर माझ्या कमाईवर चालतं, म्हणजे चालत नाही. मामी दोन घरी स्वयंपाकाला जाते. मामा सकाळी साडेपाचला उठतो, कपडे घालतो आणि खुर्चीत बसतो. मोजत नाही. नळ मामीने कितीही सैल ठेवला तरी मोजत नाही.

फक्त दर सोमवारी मला खात्यात पाठवतो. "साहेबांना विचारून ये, त्या दिवसाची हजेरी लागली का. नोकरीचं जाऊ दे. आलो होतो ना मी कामावर? मग तेवढं लागायला हवं."

मी जातो. साहेब मला बघून उठतात, व्हरांड्यात येतात, खांद्यावर हात ठेवतात. "लावतो. मामांना सांग, लक्षात आहे माझ्या. जरा हे सगळं निवळू दे." गेल्या सोमवारी त्यांनी खिशातून पेनही काढलं होतं. मग आतून कोणीतरी हाक मारली आणि ते गेले. मी अर्धा तास थांबलो.

घरी आलो तर मामा दारातच. "लागली?"

"पुढच्या सोमवारी म्हणाले," मी म्हटलं.